वर्षभराच्या लेखांची निवड आणि फाँटची अडचण : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. गेले वर्षभर संस्कृती आणि तंत्रज्ञान या विषयांवर लिहिलेल्या स्फुटलेखांतून निवडक लेखांची एक पुस्तिका करण्याचा माझा विचार आहे. सगळे पुन्हा वाचताना असे दिसते की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नवलाईवरचे लेख सहा महिन्यांतच शिळे झाले आहेत (तेव्हा मात्र त्यांचीच वाहवा झाली होती). याउलट समाज-अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांविषयीचा लेख आजही ताजा वाटतो, कारण त्यात ध्वनिमुद्रण हे केवळ निमित्त असून, पिठाची गिरणी आल्यावर बायकांची ओवी कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे. मग शिळे लेख वगळावेत, की त्या काळाची नोंद म्हणून तळटीपांसह ठेवावेत?

दुसरी अडचण फाँटची आहे. सुरुवातीचे काही लेख युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी युनिकोड ही अक्षरप्रणाली रूढ होण्याआधीच्या) फाँटमध्ये टंकलेले असून, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकतात. जोडाक्षरे न बिघडवणारे एखादे खात्रीचे परिवर्तक कोणी स्वतः वापरले असल्यास कृपया कळवावे.