बे एरियात ब्लूग्रास प्रत्यक्ष ऐकायचंय, सुरुवात कुठून करावी?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही फ्रीमाँटला राहतो. मुलगी तेरा वर्षांची आहे, हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकते आणि सध्या ब्लूग्रासच्या (तारवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताच्या) फिडलनं, म्हणजे तिथल्या व्हायोलिननं, तिला वेड लावलंय. तीन गोष्टींवर सल्ला हवा आहे. मुलांना प्रवेश असलेल्या कुठल्या ठिकाणी कार्यक्रम ऐकता येतील? ऑक्टोबरातल्या 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास' महोत्सवाला जावं का? आणि तिला जॅममध्ये (सगळ्यांनी जमून उत्स्फूर्तपणे वाजवण्यात) वाजवायचं असेल तर काय तयारी लागेल? शक्यतो गाडी न काढता जाता आलं तर उत्तम.

पाचवी_तार:
पहिला कार्यक्रम बर्कलीच्या 'फ्रेट अँड सॅल्व्हेज'मध्येच ऐका. ॲडिसन स्ट्रीटवर आहे, बार्टच्या (इथल्या लोकल रेल्वेच्या) डाउनटाउन बर्कली स्थानकापासून चालत पाच मिनिटंही लागत नाहीत. फ्रीमाँटहून रिचमंडला जाणारी नारिंगी मार्गाची गाडी थेट नेते. १९६८ साली सुरू झालेली ही ना-नफा संस्था. आताच्या जागेत २००९ पासून आहे. सभागृह पाचशेच्या आतलं, लोक फक्त ऐकायला येतात. तिथे मुलांना घेऊन जाता येतं. बारमधल्या कार्यक्रमांना बऱ्याचदा २१ वर्षांची अट असते, तेव्हा तिकीट काढण्याआधी ते बघून घ्या.

निवड करायची झाली तर एकाच माइकभोवती उभा राहून वाजवणारा बँड निवडा. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे अर्धं पाऊल मागे जातात. आवाजाचा समतोल ते स्वतःच्या पायांनी साधतात. ढोल-तबला काही नसतं. बास पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, तर मँडोलिनचा चॉप (तारांवरचा तुटक आघात) दुसऱ्या आणि चौथ्यावर. मँडोलिनवाल्याच्या डाव्या हाताकडे बघायला सांगा: आघात झाला की तो बोटांचा दाब लगेच सैल करतो, पण बोटं तारेवरून उचलत नाही. आवाज तिथेच तुटतो आणि त्यातून ताल उभा राहतो. मुलीला हे एकदा दिसलं की जॅममध्ये कुणाकडे लक्ष ठेवायचं ते आपोआप कळेल.

धुक्याचा_डोंगर:
हार्डली स्ट्रिक्टलीला जरूर जा. २००१ साली वॉरन हेलमन या बँजो वाजवणाऱ्या गुंतवणूकदारानं स्वतःच्या खर्चानं हा महोत्सव सुरू केला. ते २०११ मध्ये गेले, तरी तो आजही पूर्ण मोफत आहे, तिकीट नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधलं मुख्य मैदान आता हेलमन हॉलो या नावानं ओळखतात. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी, शुक्रवार धरून तीन दिवस असतो.

नाव ब्लूग्रासचं असलं तरी बरेचसे बँड रॉक, कंट्री, लोकसंगीत अशा वेगवेगळ्या प्रकारांतले असतात. म्हणून वेळापत्रक आलं की आधी ब्लूग्रासच्या नावांवर खुणा करा आणि दिवसभरासाठी दोनच रंगमंच ठरवा. अनेक रंगमंच एकाच वेळी चालू असतात आणि गर्दीतून एकाकडून दुसरीकडे जाण्यात निम्मं गाणं संपतं.

गाडी नेऊच नका. बार्टनं शहरात उतरा आणि मार्केट स्ट्रीटवरून मुनीची (शहर वाहतुकीची) ५ नंबरची फुल्टन बस धरा, ती पार्कच्या उत्तर कडेनं जाते. एन-जूडा ट्राम दक्षिणेकडून जाते, तिथून थोडं जास्त चालावं लागतं. परतताना सगळे एकदमच निघतात, म्हणून शेवटच्या बँडची शेवटची दोन गाणी सोडून निघालात तर तासभर वाचतो. दुपारी ऊन आणि पाच वाजता समुद्रावरून धुकं, हे तिथलं नेहमीचंच. प्रत्येकाला स्वेटर हवाच. फोनचं नेटवर्क कोलमडतं, तेव्हा चुकामूक झाली तर भेटायची जागा सकाळीच ठरवून ठेवा. खुर्ची आणि सतरंजीचे नियम दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर येतात, ते वाचा.

पाचवी_तार:
सगळं बरोबर, पण फिडल शिकणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच तिथे नेऊ नका. पन्नास मीटरवरून धनु (व्हायोलिनचा गज) दिसत नाही. आधी छोटं सभागृह, मग मैदान.

कोयनाकाठ:
खूप आभार. एक शंका: ती तारा सा-प-सा-प लावते आणि मांडी घालून वाजवते. ते चालेल का?

घोडी_आणि_खुंट्या:
ताई, मुद्दे दोन आहेत, बसण्याचा आणि तारा लावण्याचा.

बसण्याचा मुद्दा जास्त वेळ घेतो. स्क्रोल (व्हायोलिनचं वळलेलं टोक) पायावर टेकवून वाजवायची सवय असली की डावा हात वाद्याचा भार कधी पेलत नाही. जॅममध्ये उभं राहून किंवा खुर्चीवर बसून वाजवतात, म्हणजे चिनरेस्ट आणि शोल्डररेस्टवर (हनुवटी आणि खांद्याच्या आधारांवर) वाद्य धरायला शिकावं लागेल. रोज पंधरा मिनिटं फक्त सुटे सूर वाजवायचे, खांदा न उचलता. ही पकड बसेपर्यंत धुनांना हात लावू नये, नाहीतर मनगट आखडतं.

लावणं: ब्लूग्रासमध्ये तारा जी-डी-ए-ई लावतात. पण ओल्ड-टाइम नावाची याच घराण्यातली जुनी शाखा आहे. तिथे ए सुरातल्या (ए हा आधारस्वर असलेल्या) अनेक धुनांसाठी खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून फिडल ए-ई-ए-ई लावतात. ए हा सा धरा, झालं सा-प-सा-प! तिच्या बोटांना हे ओळखीचं वाटेल, म्हणून मी सुरुवात ओल्ड-टाइमनं करायला सांगेन. सप्टेंबरात होणारं 'बर्कली ओल्ड टाइम म्युझिक कन्व्हेन्शन' त्यासाठी उत्तम.

तिच्या व्हायोलिनला खाली उतरवून लावायच्या जाड तारा असतील तर त्या जी-डी-ए-ईपर्यंत चढवू नका, तुटतील. तारा चढवताना घोडीचा (तारा पेलणाऱ्या लाकडी पुलाचा) माथा फिंगरबोर्डकडे ओढला जातो. दर दोन-तीनदा लावल्यावर बाजूनं बघा: घोडीची टेलपीसकडची (तारांचं खालचं टोक अडकवतात तिकडची) बाजू पोटाशी, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीशी, काटकोनात हवी. माथा पुढे आला असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू मागे घ्या. रोज तारा दोन प्रकारे लावत बसण्यापेक्षा दुसरं व्हायोलिन भाड्यानं घेतलेलं बरं.

मींड सोडायला सांगू नका. कोमल गंधारावरून शुद्ध गंधाराकडे सरकत मध्येच थांबणं हा या संगीताचा प्राण आहे. धनु मात्र नव्यानं शिकावा लागेल: एक लांब, दोन आखूड, सलग. शफलचा (धनुच्या ठेक्याचा) सगळ्यात साधा प्रकार हाच.

पाचवी_तार:
आता जॅमबद्दल. ओल्ड-टाइम जॅममध्ये सगळे एकच धून एकत्र, पुन्हा पुन्हा वाजवतात, भजनात टाळकरी वाजवतात तसं. नवख्याला त्यात हळूच शिरता येतं. एका सुरात तासभरही राहतात, कारण सूर बदलला की फिडल आणि बँजो दोन्ही पुन्हा लावावे लागतात. ब्लूग्रास जॅममध्ये पाळी असते. गाणं सुचवणारा सूर सांगतो, वर्तुळात एकेकाकडे मानेनं खूण करतो, ज्याला खूण झाली तो एक आवर्तन एकटा वाजवतो. नको असेल तर मान हलवून नकार द्या, कुणाला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच्या पाळीत सुरावट वाजवणाऱ्याचा आणि गाणं चालू असताना तार लावत बसणाऱ्याचा. शेवट जवळ आला की गाणं धरणारा पाय उचलतो. तेवढी खूण चुकली की आपण एकटेच वाजवत राहतो.

तयारी अशी: जी, ए आणि डी या तीन सुरांतली सप्तकं आणि प्रत्येकातल्या दोन धुना. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मापांचा (बारचा) आणि दोनदा, म्हणजे एक आवर्तन बत्तीस मापांचं. गायक स्वतःच्या गळ्यानुसार बी किंवा बी फ्लॅटही धरतात. गिटारवाला कॅपो (सगळ्या तारा दाबणारी चिमटी) लावून सुटतो (जीच्या पकडी, चौथ्या पट्टीवर कॅपो म्हणजे बी), फिडलला ती सोय नाही. अशा वेळी तिनं सुरावट सोडून दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धनुची टाच (हातातल्या टोकाकडचा भाग) तारांवर आपटून हलका चॉप द्यावा. मँडोलिन आधीच चॉप देत असेल तर तेही नको, लांब सूर धरावेत. पहिल्यांदा 'स्लो जॅम' असं लिहिलेलाच जॅम शोधा. तिथे अर्ध्या वेगानं वाजवतात.

धुक्याचा_डोंगर:
पुढच्या जूनसाठी आताच तारखा राखून ठेवा. कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनचा 'फादर्स डे' महोत्सव ग्रास व्हॅलीच्या नेवाडा काउंटी फेअरग्राउंड्सवर भरतो. तिथे मात्र गाडी लागेल: आय-८० महामार्गानं ऑबर्न, मग ४९ नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला. पाइनच्या झाडांखाली तंबू टाकून राहायचं. रंगमंचापेक्षा तंबूंमधले जॅम जास्त मोलाचे, आणि ते रात्री उशिरापर्यंत चालतात. त्याला जोडून शिबिरही असतं, जागा लवकर भरतात. जूनमध्ये गवत वाळलेलं असतं, आगीवर निर्बंध असू शकतात. पोहे-उपमा गॅसच्या शेगडीवर करायचा असेल तर आधी विचारून घ्या.

घोडी_आणि_खुंट्या:
आणि ग्रास व्हॅलीला व्हायोलिन बंद गाडीत अजिबात ठेवू नका. उन्हात आतलं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, त्या उष्णतेत जोडाचा सरस मऊ पडतो आणि पोटाची कड सुटते. पेटी सावलीत, तंबूच्या आत, जमिनीपासून थोडी वर ठेवा. दुपारी तारा तापून उतरतात, रात्री गारव्यात चढतात, त्यामुळे प्रत्येक जॅमच्या आधी दहा मिनिटं वाद्य बाहेर काढून ठेवायचं आणि मगच लावायचं. क्लिपचा ट्यूनर आणि ईची एक जादा तार पेटीत असू द्या, सगळ्यात आधी तीच तुटते.