मदत हवी आहे: हेलिकॉप्टरच्या विंचची पिन सॅम्पलवरून बनवून द्यावी का?

नमस्कार मंडळी. वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी कटिंगची मशीनं), सहा माणसं. आजवर टू-व्हीलरच्या पिना आणि बुश केले. सध्या काम थंड आहे.

मागच्या आठवड्यात ओळखीतून एक गृहस्थ आले. चेतक हेलिकॉप्टरच्या बचाव-विंचची (दोरीने माणूस वर ओढणाऱ्या यंत्राची) म्हणून एक वापरलेली पिन टेबलावर ठेवली. "अशा शंभर करा, कागदाचं आम्ही बघतो." ड्रॉइंग मागितलं तर म्हणे, एवढ्या जुन्या मशीनचं ड्रॉइंग कोण देणार? भाव मात्र इतका चांगला की त्याचीच भीती वाटली.

पिन मोजली, हार्डनेसही काढला. बनवणं अवघड नाही. पण माझी मावशी परंडा तालुक्यातली. सप्टेंबर २०२५ च्या पुरात तिकडे हेलिकॉप्टरने लोकांना काढलं, तेव्हापासून आकाशात आवाज आला की ती अंगणात येते. त्या दोरीला माणूस लटकतो आणि पिन माझी, हे काही पचेना.

घ्यावं का काम? आणि रीतसर या धंद्यात शिरायचं तर सुरुवात कुठून?

उत्तर १ (नांदेड)
दादा, अजिबात घेऊ नका. मी हेलिकॉप्टरवर टेक्निशियन होतो. चेतक म्हणजे मूळ फ्रेंच अल्युएत ३, एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) परवान्यावर बनवलेलं. जुनं आहे, सुट्या भागांची ओढाताण खरी आहे, पण ड्रॉइंग नाही ही थाप आहे. आमच्याकडे प्रत्येक भाग कागदासोबत यायचा: कुठल्या हीटचं (धातू वितळवलेल्या घाण्याचं) मटेरियल, कुणी तपासलं, किती तास उडाला. कागद नसेल तर नवाकोरा भागही भंगार.

माप जुळलं म्हणजे पिन जुळली असं नसतं. जास्त ताकदीच्या स्टीलवर कॅडमियम प्लेटिंग करताना धातूत हायड्रोजन शिरतो. नंतर वेळेत भट्टीत बेक केलं नाही, तर मायक्रॉनमध्ये बरोबर असलेली पिन भार असताना एकदम तुटते. आधी वाकतही नाही. तुमचा हार्डनेस टेस्टर हे सांगणार नाही.

५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं, तिघे गेले. तपासात स्वॅशप्लेट (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा भाग) तुटल्याचं निघालं. एका भागापायी अख्खा ताफा महिनोन् महिने जमिनीवर होता.

उत्तर २ (शेंद्रा)
काकांशी सहमत. रीतसर जायचं तर आधी एएस ९१०० (विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) घ्या, आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण गुणवत्ता प्रमाणपत्र असेल तर निम्मी तयारी झालेली असते. मग संरक्षण उत्पादन विभागाचं सृजन पोर्टल बघा, २०२० पासून आहे. बाहेरून येणारे कोणते भाग इथे बनवायचेत याची यादी तिथे असते. लष्करी विमानाच्या भागाला उड्डाणयोग्यतेची मान्यता सेमिलॅक ही सरकारी संस्था देते, गुणवत्ता डीजीएक्यूए ही दुसरी सरकारी संस्था तपासते. सेमिलॅकचं प्रादेशिक केंद्र नाशिकलाच आहे. पहिली ऑर्डर विंचची मिळणार नाही, जमिनीवरच्या ट्रॉल्या-जॅकपासून सुरुवात करा. पैसा उशिरा येतो, तेवढं धरून चला.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद काका, धन्यवाद दादा. बेकिंगचं मला खरंच माहीत नव्हतं. आज पिन परत केली. ते गृहस्थ हसून म्हणाले, "वाळूजला दुकानं काय कमी आहेत का!" आता तेच डोक्यात फिरतंय. अशी माणसं फिरतायत हे कळवायचं कुठे?