काळा आजार: कुत्री मारून काय साधलं?

रानवाट:
ब्राझीलमध्ये काही दशकं एक सरकारी मोहीम चालली. काळा आजार रोखायला, कुत्र्याच्या रक्तात लीशमॅनिया या परजीवीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली की त्याला मारायचं. तर्क वरवर बिनतोड होता. तिथला काळा आजार लीशमॅनिया इन्फान्टम या परजीवीमुळे होतो, तो सँडफ्लाय माशी पसरवते आणि वस्तीत त्याचा मुख्य साठा पाळीव कुत्र्यात असतो. पण मोहीम चालू असतानाच रोग खेड्यांतून शहरांत शिरला.

कुत्र्याचा वाटा मी नाकारत नाही. पण एक मारला की लोक नवं पिल्लू आणतात, आणि त्याने या परजीवीशी कधी सामना केलेला नसतो, म्हणून त्याला संसर्ग सहज होतो. तपासणीपासून कारवाईपर्यंत महिने जातात, तोवर माश्यांचं काम झालेलं असतं. शिवाय प्रतिद्रव्यं असलेला प्रत्येक कुत्रा रोग पसरवतोच असं नाही. २००२ च्या तिथल्याच एका अभ्यासात माश्यांना झालेला बहुतेक संसर्ग मोजक्या कुत्र्यांकडून आलेला दिसला. त्यापेक्षा कुत्र्याच्या गळ्यात डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा बांधा. इराणमधल्या खेड्यांत तसं केल्यावर मुलांमधला संसर्ग घटला होता.

कडूकारलं:
पट्टा बांधा म्हणे! तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, मध्येच गळून पडतो, आणि मोकाट कुत्र्यांना कोण बांधणार? उपचारांचंही तेच. मिल्टेफोसिन या औषधाने कुत्रा टवटवीत दिसतो, पण परजीवी शरीरातून पुरते जात नाहीत. मालक मात्र निर्धास्त. उपचार मिळाले नाहीत तर हा आजार बहुतेक रुग्णांचा जीव घेतो, आणि त्यात लहान मुलं पुष्कळ असतात. आधी त्यांचं बोला.

रानवाट:
त्यांचंच बोलतोय. मारून मुलं वाचली असती तर वाद कशाला घातला असता?

तिसरी घंटा:
दोघंही कुत्र्यावरच अडून बसलात. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्राडात २००९ पासून याच परजीवीची मोठी साथ आली, तेव्हा मुख्य साठा नव्या उद्यानातल्या सशांमध्ये निघाला. कोंबड्यांचंही बघा. परजीवी त्यांच्यात टिकत नाही, पण खुराड्यातल्या रक्तावर माश्या पोसल्या जातात. म्हणजे निर्दोष प्राणीही रोगाला हातभार लावतो. आणि भारतातल्या काळ्या आजाराचा परजीवी वेगळा, लीशमॅनिया डोनोव्हानी. तो माणसाकडून माशीमार्फत माणसाकडे जातो. इथे कुणी हा धागा वाचून दारातल्या कुत्र्यावर काठी उगारू नये.

कडूकारलं:
भारताचं मान्य. पण शागास या दुसऱ्या परजीवी रोगाचं काय? उत्तर अर्जेंटिनात मातीच्या घरांतले ढेकणासारखे किडे कुत्र्याचं रक्त पितात, आणि संसर्ग झालेला कुत्रा त्या किड्यांना माणसापेक्षा कितीतरी सहज परजीवी देतो. हे कुत्रे रात्री माणसांजवळच झोपतात. तिथेही पट्टाच का?

रानवाट:
तिथे आधी भिंतींच्या भेगा बुजवा, कीटकनाशक फवारा आणि कुत्र्याला झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. पट्टा नंतर. ब्राझीलनेही २०२१ मध्ये सरकारी कार्यक्रमात पट्टे आणले, ते काही प्राणिप्रेमापोटी नव्हे.

कडूकारलं:
आणले, पण कुत्रे मारण्याची तरतूद काढली का? नाही. पट्टा गळून पडलेल्या कुत्र्याचं काय, ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.