बंद पडलेल्या कंपनीचा सिंथ, 2011 चं प्रोजेक्ट आणि एकांकिकेचं म्युझिक

माळ्यावरचा_पीसी:
मंडळी, मदत हवीये. 2011 ला पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या एकांकिकेचं म्युझिक मी केलं होतं, क्यूबेस 5 (म्युझिक करायचं सॉफ्टवेअर), विंडोज 7 चा 32 बिट पीसी. आता आमचाच ग्रुप पुढच्या महिन्यात ती एकांकिका परत करतोय आणि दिग्दर्शक म्हणतोय आजीचं स्वगत दीड मिनिटानं वाढलंय, तेवढं म्युझिक वाढव. माझ्याकडे नुसती एमपी3 आहे, पाऊस आणि पॅड (मागे लांब धरलेला सूर) एकत्र मिक्स झालेले. नव्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडलं तर मिडी नोटा (कुठला स्वर कधी, एवढीच नोंद) सगळ्या जागेवर, पण ज्या सिंथवर, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तो पॅड होता तो सापडत नाही म्हणतं आणि ट्रॅक मुका. ती छोटी कंपनी कधीच बंद झाली, लायसन्स चालू करून देणारा ऑथरायझेशनचा सर्व्हर पण गेला. इन्स्टॉलर सीडीवर आहे हो, पण तो जो कोड दाखवतो तो पाठवायचा कुणाला? विकत घेतलेला आहे, क्रॅक नाही, माझ्या पहिल्या कमाईतून घेतला होता. चार रात्री बसून तो आवाज लावला होता, काळी दोनचा षड्ज, खाली तंबोऱ्यासारखी घरघर, आणि फिल्टर (आवाजाची चमक दाबून धरणारा) इतका हळू उघडायचा की म्युझिक कधी सुरू झालं ते प्रेक्षकांना कळायचंच नाही. जुना पीसी सहकारनगरला आईच्या माळ्यावर आहे, दहा वर्षं लावलेला नाही.

कोथरूड_मिक्स:
पहिलं म्हणजे नव्या लॅपटॉपवर मूळ प्रोजेक्ट सेव्ह करू नकोस, कॉपी करून कॉपीवरच काय ते कर. तुझ्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. एक 32 बिटचा, क्यूबेसनं व्हर्जन 9 पासून म्हणजे 2016 लाच 32 बिट प्लगइन (तुझ्या सिंथसारखी आत जोडायची सॉफ्टवेअर) बंद केले, त्यावर जेब्रिज आहे, म्हणजे जुने प्लगइन नव्यात चालवणारा ब्रिज, किंवा क्यूबेसऐवजी रीपर घे, त्यात ब्रिज आतच असतो. (मॅक असता तर हेही नाही, 2019 च्या कॅटालिनापासून 32 बिट काहीच चालत नाही.) दुसरा लायसन्सचा, आणि तिथे ब्रिजचा काही उपयोग नाही. कोड मशीनला बांधलेला असेल तर तुझा सिंथ फक्त त्या पीसीवर जिवंत आहे. तेव्हा तो पीसी फॉरमॅट करू नको, हार्ड डिस्क बदलू नको, नेटला जोडू नको.

रास्ता_पेठ_रेकॉर्डिंग:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. त्यात एक भर घालतो, लावायच्या आधी बोर्डवरचा सीआर2032 हा बटनासारखा सेल बदल, तो नक्की मेलेला असणार. सेल मेला की बायॉसची (पीसी चालू होतानाची) सेटिंग डिफॉल्टला जातात, तारीख मागे जाते आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई-एएचसीआय असा उलटा झाला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून बंद पडतं, मग लोक डिस्क गेली म्हणून पीसी भंगारात देतात. तारीख नीट लाव, काही लायसन्स तारखेवर पण अडतात. उघडलं की लगेच प्रत्येक ट्रॅक वेगळा, पहिल्या बारपासून, 24 बिट वेव्हमध्ये काढ, एकदा रिव्हर्बसकट (घुमण्याचा इफेक्ट) आणि एकदा कोरा. सिंथच्या पॅनलचे फोटो काढ. मी 2014 पासून कुठलंही काम संपलं की हे करतोच, एका जाहिरातीच्या प्रोजेक्टवर हात पोळलेत.

सूर_सँपल:
दादा, नुसता ट्रॅक काढून थांबू नका, पुन्हा सीन वाढला तर परत माळा चढावा लागेल. सिंथ उघडला की त्याच पॅचवर (सेव्ह केलेल्या आवाजावर) दर तीन स्वरांनी एकेक नोट वीस सेकंद धरून रेकॉर्ड करा, हळू आणि जोरात अशी दोनदा, आणि सोडल्यावरची शेपटी पूर्ण येऊ द्या. मग कुठल्याही सँपलरमध्ये (रेकॉर्ड केलेल्या नोटा कीबोर्डवर वाजवणारं सॉफ्टवेअर) लावा. फक्त फिल्टर पूर्ण उघडा ठेवून रेकॉर्ड करा, उघडण्याची हालचाल सँपलरमध्ये द्या, नाहीतर नोटेप्रमाणे तिचा वेग बदलेल.

माळ्यावरचा_पीसी:
झालं!! तापकीर गल्लीतून सेल आणला, ब्रशनं धूळ काढली, चालू केला तर तारीख 2009 आणि खरंच निळी स्क्रीन. बायॉसमध्ये साटा मोड एएचसीआय केला आणि विंडोज आलं. क्यूबेस उघडलं, सिंथ उघडला, फिल्टरच्या कटऑफचं बटन मी 2011 ला सोडलं होतं तिथेच, नऊ वाजता घड्याळाचा काटा असतो तसं. आई खाली उभी होती, आवाज ऐकून म्हणाली हे तुझ्या नाटकातलं ना. वेव्ह काढून झाल्यात, आता एकेक नोट धरून रेकॉर्ड करतोय, अकरा झाल्या.