पुरात रस्ता बंद झाला तर ऑक्सिजन किती तास पुरेल? (सांगली, ३० खाटा)

कृष्णाकाठ_प्रशासन
सांगलीत ३० खाटांचं रुग्णालय. मॅनिफोल्डला (सिलिंडर एकत्र जोडून लाइनला ऑक्सिजन देणारी जोडणी) ६+६ जंबो (मोठे सिलिंडर), शिवाय १० भरलेले शिल्लक. रिफिलिंग कोल्हापूरकडून, रोज सकाळी गाडी. एरवी २ व्हेंटिलेटर, १ हाय-फ्लो (नाकातून जोरात ऑक्सिजन-हवा देणारं यंत्र) आणि ६ जण मास्कवर असतात. २०१९ सारखा पूर आला तर साठा किती हवा? पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा) बसवला की सिलिंडरची कटकट संपेल का?

बायोमेड_मिरज
सिलिंडर मोजू नका, तास मोजा. व्हेंटिलेटर मिनिटाला १५ लिटर धरले तर दोघांचे ३०. हाय-फ्लो ४० लिटरवर असला तरी ते सगळं ऑक्सिजन नसतं. ऑक्सिजन ६० टक्क्यांवर ठेवला तर लाइनमधून साधारण २० येतात, बाकी हवा. मास्कवाले ६ × ५ = ३०. झाले ८०, म्हणजे तासाला ४,८०० लिटर. जंबोवर ७,००० लिटर म्हणतात, पण शेवटचं थोडं मॅनिफोल्ड ओढत नाही, म्हणून ६,५०० धरा. दिवसाला १८ जंबो लागले. मॅनिफोल्डवरची सहाची एक बँक (गट) ८ तास जाते आणि तुमचे २२ मिळून जेमतेम ३० तास.

हा हिशेब चांगल्या दिवसाचा. तोच हाय-फ्लो १०० टक्के आणि ६० लिटरवर गेला की एकटाच तासाला ३,६०० खातो, आणि ३० तासांचे २० होतात.

२०१९ ला कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गच पाण्याखाली होता. पावसाळ्यात किमान ३ दिवसांचे, म्हणजे ५४ जंबो हवेत. एवढी जागा नसेल तर कृष्णा-पंचगंगा ओलांडावी लागणार नाही असा, मिरज-कुपवाडकडचा दुसरा पुरवठादार आत्ताच लेखी ठरवून ठेवा. ऐन पुरात नवीन गिऱ्हाइकाला कोणी सिलिंडर देत नाही. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी ४० फूट झालं की साठा भरायला घ्या, ४५ ची वाट बघू नका.

गॅसलाइन_तंत्रज्ञ
पीएसएबद्दल: शुद्धता ९३ टक्के, ३ इकडेतिकडे. वीज गेली की प्लांट बंद, आणि पुरात महावितरण आधी फीडरच बंद करतं. जनरेटर आणि डिझेलचा हिशेब त्यात धरला नाही तर तो बॅकअप नव्हेच. वर, बूस्टर (दाब वाढवणारा पंप) नसेल तर त्यातून सिलिंडर भरता येत नाहीत. रोजचा खर्च कमी करायला मात्र चांगला.

त्याआधी वाया जाणारं थांबवा. मास्क खुंटीला आणि फ्लोमीटर ५ वर चालू, असा एक आउटलेट दिवसाला ७,२०० लिटर सोडतो. म्हणजे एक जंबो! रात्रपाळीच्या सिस्टरांनी एक फेरी मारली तरी पुष्कळ. गळती बघायची तर त्या वॉर्डात लाइनवर एकही रुग्ण नसताना झोन व्हॉल्व्ह (त्या वॉर्डाची लाइन तोडणारा) बंद करून १५ मिनिटं गेज बघा. ४ बारवरून काटा हलता कामा नये. जोडांना साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, तेलकट हात अजिबात नकोत. व्हॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडला की दाबला गेलेला गॅस तापतो आणि तिथेच पेट घेऊ शकतो.

बायोमेड_मिरज
एक राहिलं. दोन्ही बँका शेवटी एकाच पाइपला येतात. नाशिकला २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीजवळच्या गळतीने पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेले. म्हणून दर व्हेंटिलेटरजवळ १,५०० लिटरचा बी-टाइप सिलिंडर हवाच. १५ लिटरने तो दीडेक तास जातो. पण नेहमीचा फ्लोमीटरवाला रेग्युलेटर व्हेंटिलेटरला चालत नाही, त्याला ४ बारचा दाब देणारा आउटलेट लागतो. तो जोडून, चावी दोरीने बांधून ठेवा.

कृष्णाकाठ_प्रशासन
आभारी आहे. आमचं मॅनिफोल्ड तळघरात आहे, ते चालेल?

गॅसलाइन_तंत्रज्ञ
नाही हो. २०१९ ची पाण्याची खूण बघा आणि त्याच्या वर हलवा. यंदा जमलं नाही तर निदान भरलेले जंबो वर नेऊन साखळीने बांधा. पाण्यात बुडालेला सिलिंडर लाइनला लावायचा नाही, व्हॉल्व्हमध्ये गाळ बसतो. सरळ भरणाऱ्याकडे परत पाठवा. आणि मानेवरची चाचणीची तारीख आत्ताच तपासा. ५ वर्षं उलटलेला सिलिंडर कोणी भरून देणार नाही, आणि ते गाडी आल्यावर कळून उपयोग नाही.