अॅडमिन वेगळा, पुढारी वेगळा

'व्हॉट्सअॅप ग्रुप काढेल तोच पुढारी' असं काही जण म्हणतात, ते आमच्या यवतमाळकडे तरी लागू पडत नाही. आमच्या कापूसवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन सणावारी शुभेच्छा टाकण्यापुरताच. ऐकतात ते दोन एकरवाल्या एका काकांचं. 2017 मध्ये कापसाची बोंडं आतून पोखरणारी गुलाबी बोंडअळी आली, तेव्हापासून ते हंगामात रोज सकाळी कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेले तिचे पतंग मोजून आकडा टाकतात. सलग 3 दिवस सापळ्यामागे 8 पतंग भरले की 'आता फवारा', बस. कुणी औषधाची जाहिरात टाकली की खाली त्यांचा प्रश्न, "बोंडं फोडून पाह्यली का?" जाहिरातवाला गप. अॅडमिन करतो म्हटलं तर "कायले बा?" म्हणाले. भांडण लागलं की मात्र सगळे त्यांनाच टॅग करतात, अन् त्याचा त्यांना भारी वैताग.