गोरिलाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि तरी मी तो सिनेमा पुन्हा बघेन

पेठेतला

आमच्या फिल्म क्लबात शनिवारी १९५३चा 'रोबॉट मॉन्स्टर' दाखवला. रविवारी सकाळी क्लबाच्या गटावर एका सभासदांची पोस्ट आली. सारांश असा: ज्या पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, फिल्म अर्काइव्ह आहे, तिथे लोक शनिवारची संध्याकाळ भंगार सिनेमावर घालवतात आणि खो-खो हसतात. हे हसणं म्हणजे दुसऱ्याच्या फजितीवर पोसलेला माज. चांगलं काय ते कळत नाही, म्हणून वाइटाचं कौतुक.

गटावर तीन ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी त्या शनिवारी हसलो, पोट दुखेपर्यंत हसलो. पृथ्वी संपवायला आलेला परग्रहावरचा यंत्रमानव दाखवायचाय आणि पोशाखाला पैसे नाहीत. मग काय केलं, तर ज्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख आहे असा नट गाठला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याच्या टोपासारखं हेल्मेट चढवलं. चार दिवसांत शूटिंग उरकलं. गुहेच्या तोंडाशी एक टेबल, त्यावर संदेशयंत्र, आणि शेजारी साबणाचे बुडबुडे सोडणारी मशीन. सुरुवातीच्या नामावलीत त्या मशीनलासुद्धा श्रेय दिलंय! आणि संगीत कोणाचं? एल्मर बर्नस्टाइनचं. पुढे 'मॅग्निफिसंट सेव्हन'ला संगीत दिलं तेच. त्यांनी त्या गोरिलासाठीही जीव ओतलाय.

पण अर्ध्या तासाने माझं हसू बदललं. भर उन्हात ते सगळं अंगावर घेऊन तो माणूस टेकडी चढतो, उतरतो, परत चढतो. पुढे त्याला मुलीला मारायचा हुकूम येतो आणि त्याच्याने मारवत नाही. चेहरा दिसत नाही, फक्त हात हलतात, आणि तरी त्याची घालमेल आपल्यापर्यंत पोचते. त्या क्षणी क्लबात कोणीही हसत नव्हतं. पोस्ट लिहिणारे तोवर उठून गेले होते.

हे मला का आवडतं, ते सांगतो. १९८४ साली मी अकरा वर्षांचा होतो. राकेश शर्मा एप्रिलमध्ये अवकाशात जाऊन आले आणि त्या गणपतीत आमच्या आळीतल्या मंडळाने चंद्रस्वारीचा हलता देखावा केला. तेलाच्या रिकाम्या डब्यांचं यान, वरून चंदेरी कागद. थर्माकोलचा चंद्र. जुन्या बाजारातून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर. तिसऱ्या दिवशी मोटर जळाली. तर लेथवर काम करणारे आमचे एक काका उरलेले सगळे दिवस पडद्यामागे स्टुलावर बसून दोरीने यान ओढत होते, रात्री दोन-दोनपर्यंत. दोरी समोरून दिसायची. लोक हसायचे, आणि पुढचा शो बघायला तिथेच थांबायचे.

पडद्यावर उडत्या तबकडीची दोरी दिसली की मला ते काका आठवतात. ज्याला हा माज वाटतो, त्याने माझ्या शेजारी बसून एकदा सिनेमा बघावा.

निवृत्त मास्तर

राकेश शर्मा चंद्रावर गेले नव्हते. सोयुझ टी-११मधून सॅल्यूट ७ या अवकाशस्थानकावर गेले, तिथे राहिले आणि परत आले. एकूण जवळजवळ आठ दिवस. चंद्राचा संबंध नाही. तुमच्या मंडळाने त्या वर्षी हजारो मुलांच्या डोक्यात चूक भरली, आणि आज तुम्ही त्याचंच कौतुक करताय.

मी चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. पोकळीत आवाज जात नाही, हे दर वर्षी नव्याने शिकवावं लागतं, कारण सिनेमात अवकाशयाने धडाडधूम करत फुटतात. "पैसे नव्हते" ही सबब मला मान्य नाही. 'फ्राउ इम मोंड' हा जर्मन मूकपट १९२९चा. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनी रॉकेटतज्ज्ञ हर्मन ओबर्थ यांना सल्लागार नेमलं. टप्प्याटप्प्याने गळून पडणारं रॉकेट त्यात आहे, उलटी मोजणीही आहे. तुमच्या गोरिलाच्या २४ वर्षं आधी! विचारायची इच्छा हवी. ती फुकट मिळते.

वडगावचा

मास्तर, लांगच्या मागे उफा होती, त्या काळातली जर्मनीतली सगळ्यात मोठी कंपनी. ओबर्थना घरी बोलावून चहा पाजला म्हणून ते रॉकेट झालं नाही.

बाकी पेठेतला यांच्याशी शंभर टक्के सहमत. पुढच्या महिन्यात जुना गॉडझिला लावा. रबरी पाल खेळण्यातली घरं तुडवते, मजा येईल.

निहोंगो_पुणे

"रबरी पाल"?

१९५४चा मूळ 'गोजिरा', म्हणजे जपानी गॉडझिला, पाहिलाय का तुम्ही? त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. सिनेमा त्याच धक्क्यातून सुरू होतो, समुद्रात बुडणाऱ्या बोटीपासून. इस्पितळात जमिनीवर पडलेली माणसं दाखवलीत. मी जपानीची परीक्षा देत होतो तेव्हा आमच्या बाईंनी तो वर्गात दाखवला. नंतर दहा मिनिटं कोणी बोललं नाही.

तुम्ही पाहिला असेल तो अमेरिकेने १९५६ साली कापून-जोडून काढलेला. त्यात मध्येच रेमंड बर हा अमेरिकन नट आणून घातला आणि अणुबॉम्बचा सल बोथट करून टाकला. पोशाखाचं म्हणाल तर त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास होतं आणि आत हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस होता. डरकाळी काढली ती डबल बासच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून. याला "मजेशीर वाईट" म्हणणाऱ्यांनी आधी सिनेमा बघावा.

वडगावचा

अहो, मी सहज लिहिलं. एवढं अंगावर कशाला येता?

निहोंगो_पुणे

सहजच लिहिता, तीच तक्रार आहे. आधी यादी करायची आणि मग त्यात काय आलं ते बघायचं.

अनघा_कोथरूड

ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण तिच्या बाजूने दोन शब्द बोलायचेत.

दिग्दर्शक एड वुड यांचा 'प्लॅन नाइन' हा सिनेमा या मंडळींचा देव. त्यातले नट बेला लुगोसी चित्रीकरणाआधीच वारले. वुडकडे त्यांची थोडी फिल्म होती. उरलेल्या भागासाठी त्याने आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला (हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याला) उभं केलं, जो लुगोसींपेक्षा उंच होता. तोंडासमोर झगा धरून तो वावरतो. तिथे लोक हमखास हसतात. मला तिथे एक मित्र दिसतो, मेलेल्या मित्राला शेवटचं काम मिळवून देणारा. वुड १९७८च्या डिसेंबरात गेला, घरातून बाहेर काढल्यावर काही दिवसांतच, वयाच्या ५४व्या वर्षी. आणि "सर्वांत वाईट दिग्दर्शक" हा किताब त्याला १९८०मध्ये मिळाला. माणूस उत्तर द्यायला नसताना.

माझे बाबा हौशी नाटकात काम करायचे. एका स्पर्धेत दुसऱ्या अंकात त्यांची मिशी सुटून लोंबायला लागली. प्रेक्षागृह हसलं. पुढच्या प्रत्येक वाक्याला हसलं, गंभीर वाक्यांनाही. बाबांनी अंक पूर्ण केला, घरी आले आणि मेकअपची पेटी माळ्यावर टाकली. मी नऊ वर्षांची होते. ती पेटी परत खाली आली नाही.

तुम्ही म्हणता हसू बदललं. समोरच्याला ते कसं कळायचं?

कार्यकर्ता_७८

मास्तरांच्या मंडळांवरच्या आरोपाला उत्तर द्यायलाच हवं. आम्ही वर्गणी मागत दारोदार फिरायचो, अकरा-अकरा रुपये गोळा करायचो आणि त्यातून महिनाभर राबून देखावा उभा करायचो. त्यातून पोरं वायरिंग शिकली, वेल्डिंग शिकली. माझा आजचा धंदा त्या मांडवात शिकलेल्या कामावर उभा आहे. विज्ञान वहीतच शिकतात असं नाही, मास्तर.

खरं नुकसान केलं ते जिवंत देखाव्यांनी. माणसं उभी करायची, कॅसेटवर संवाद लावायचे, झालं. हलत्या देखाव्याची कला त्यात गेली.

शनिवारवाली

जिवंत देखाव्यात मी पाच वर्षं काम केलं आहे. रात्री एकेक तासाला चार-चार प्रयोग, तेही रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ अचूक हलवून. त्याला "माणसं उभी करणं" म्हणता? हलते देखावे आमच्यामुळे गेले नाहीत. मोटर दुरुस्त करायला मुलं मिळेनात म्हणून गेले.

कार्यकर्ता_७८

मुलं मिळेनात, कारण सगळी तुमच्या तालमीला पळाली. आमच्या चौकात डोळ्यांदेखत झालंय. पुढे २०१८ला थर्माकोलवर बंदी आली. ते पर्यावरणासाठी बरोबरच झालं, मला मान्य आहे. पण त्याच्या जागी लाकूड-कापड घेऊन बसायला कोणी तयार नाही. सरळ एलईडीचा पडदा भाड्याने आणतात.

निवृत्त मास्तर

वायरिंग शिकले, उत्तम. पण ज्यांनी मांडवाबाहेरून नुसतं पाहिलं, ते काय शिकले? यान दोरीने चंद्रावर जातं! एक मंडळ मला दाखवा ज्याने देखाव्याआधी शाळेत येऊन विचारलं की सर, हे बरोबर आहे का. चौतीस वर्षांत एकही आलं नाही. माझं घर मंडपापासून पन्नास पावलांवर होतं.

कार्यकर्ता_७८

तुम्ही पन्नास पावलं चालून आलात का कधी? वर्गणीला आलो की तुम्ही आवाजाची तक्रार सांगायचा. तुम्हीच असं म्हणत नाही, पण तुमच्यासारखे सगळे सर हेच करायचे.

निवृत्त मास्तर

आवाज होताच. मी पेपर तपासत बसलेलो असायचो.

पण गेलो नाही, हे खरं.

वडगावचा

देखावे बाजूला ठेवून एक विचारतो. क्लबात कायम अमेरिकन सिनेमेच का? आपल्याकडे १९६७चा 'चाँद पर चढ़ाई' आहे. दारासिंग चंद्रावर जाऊन कुस्ती खेळतात आणि हेलनही आहे. नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी! हा चंद्र नसेल अशी जराही शंका दारासिंगांच्या चेहऱ्यावर नाही. मला त्यांचं तेच आवडतं.

पेठेतला

वडगावचा, तो लावायचाच आहे. चांगली प्रत मिळवायची धडपड चाललीय. इथेच ती पोस्ट मला सर्वांत जास्त टोचते. "भंगार" म्हणून एकदा शिक्का बसला की फिल्मचे डबे कोणी सांभाळत नाही. १९३१चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज बघायला मिळत नाही. जानेवारी २००३मध्ये याच गावात, जुने सिनेमे ज्यावर असायचे त्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट पेटलं की पाण्यानेही विझत नाही, जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. पी. के. नायर यांनी अर्काइव्हसाठी आयुष्यभर डबे जमवले, ते चांगला सिनेमा, वाईट सिनेमा अशी निवड न करता. पन्नास वर्षांनी कोणाला काय हवं असेल ते आज कसं ठरवणार? हसत का होईना, बघणारे असतील तर प्रत टिकते.

मास्तर, चंद्राची चूक मान्य. तेव्हा आम्हाला अवकाश म्हणजे चंद्रच वाटायचा. ओबर्थबद्दल मात्र वडगावचा बरोबर बोलतोय.

अनघाताई, तुमच्या बाबांच्या मिशीने माझी कालची झोप घालवली. "समोरच्याला कसं कळायचं" याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. आमच्या काकांना पडद्याआडून हसू ऐकू यायचं, एवढं मला माहीत आहे. त्यांना कसं वाटायचं हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही. पण हसून घरी निघून जाणारे आणि हसून पुढच्या शोला थांबणारे यांत फरक आहे, यावर मी ठाम आहे.

अनघा_कोथरूड

फरक असेल. स्टेजवरून तो दिसत नाही, यावर मीही ठाम आहे.

निहोंगो_पुणे

'गोजिरा' लावणार असाल तर मूळ जपानीच लावा. नाहीतर मी येणार नाही.

शनिवारवाली

आणि जिवंत देखाव्याबद्दलचं ते वाक्य कार्यकर्ता_७८ यांनी मागे घ्यावं. मी वाट बघतेय.

कार्यकर्ता_७८

ओठांचं काम अवघड असतं, एवढं लिहितो. बाकी मागे घेणार नाही.

निवृत्त मास्तर

दारासिंगांचा सिनेमा लावाल तेव्हा संपल्यावर मला वीस मिनिटं द्या. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहावा भाग असतं. तिथे कुस्तीतली धोबीपछाड कशी दिसेल, ते फळ्यावर काढून दाखवतो. फळा आणि खडू क्लबाने आणावा.

अनघा_कोथरूड

काल बाबांना मोबाइलवर तुमचा गोरिला दाखवला. ८१ वर्षांचे आहेत, दिसतं कमी. मला वाटलं त्रास होईल त्यांना. टेकडी चढण्याचा तो तुकडा त्यांनी तीनदा बघितला आणि विचारलं, "आत कोण होतं गं? नाव काय त्याचं?"

पेठेतला

जॉर्ज बॅरोज. पोशाख त्यांनी स्वतः शिवलेला होता, तोच घेऊन ते सिनेमा-सिनेमात कामाला जायचे. बाबांना सांगा. आणि त्यांना शनिवारी घेऊन या, सहा वाजता. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवतो.